चुनखडकातलं पाणी आणि संगणकाचं गणित : पार्श्वभूमी

विदर्भाचा बराचसा भाग काळ्या पाषाणावर बसलेला आहे. पण यवतमाळचे वणी, झरी-जामणी आणि चंद्रपूरचे कोरपना, राजुरा या तालुक्यांत बऱ्याच ठिकाणी खाली चुनखडक लागतो. सिमेंटचे कारखाने त्याच्याच जिवावर उभे आहेत. या पट्ट्यात बोअर मारताना रिग पांढरट चिखल फेकत असते, आणि मध्येच रॉड हातभर खाली बसतो. हवेचा जोर कुठेतरी निघून जातो, चिखल वर येणं थांबतं. ‘पोकळी लागली,’ रिगवाला म्हणतो. त्या बोअरला मे महिन्यातही पाणी टिकू शकतं, आणि धुऱ्यापलीकडचा बोअर मात्र कोरडाठाक निघतो.

जमिनीखालचं पाणी कुठे आणि किती वेगाने जातं हे काढणाऱ्या भूजलाच्या गणिताला हीच पोकळी अडचणीची ठरली.

या गणिताचा पाया फ्रान्समधल्या दिजाँ शहरात घातला गेला. तिथले अभियंते हेन्री डार्सी यांनी वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून मोजमापं घेतली आणि 1856 साली नियम मांडला : झिरपण्याचा वेग पातळीतल्या उताराच्या प्रमाणात असतो. वाळूत, गाळात हे चोख लागू पडतं. काळ्या पाषाणातही, भेगा पुरेशा दाट असतील तर, निभावून जातं. चुनखडकात मात्र पावसाचं आम्लधर्मी पाणी भेगा विरघळवून रुंद करत जातं, मग पाणी झिरपत नाही, वाहतं.

किती जोरात, हे 1877 साली जर्मनीत दिसलं. डॅन्यूब नदीचं पाणी वाटेतच जमिनीत गडप होई आणि खालच्या गिरणीवाल्यांची तक्रार होती. तिथे पाण्यात रंग आणि मीठ सोडण्यात आलं. सुमारे 12 किलोमीटरवरच्या आखच्या झऱ्यात ते साधारण 60 तासांत उतरलं. वाळूतून एवढं अंतर कापायला कित्येक वर्षं लागली असती.

तरीही संगणक आले ते वाळूचाच नियम घेऊन. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने 1984 साली भूजलाचा प्रवाह काढणारं ‘मॉडफ्लो’ हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलं. जमिनीचे चौकोनी खण पाडायचे, प्रत्येक खणाला एक झिरपक्षमता द्यायची आणि खणाखणातलं पाणी मोजायचं. 1990 मध्ये ‘एमटी3डी’ आलं, ते विरघळलेल्या क्षारांचा, प्रदूषणाचा प्रवास काढू लागलं. दोन्ही उत्तम साधनं. पण पोकळी आणि भोवतालचा घट्ट खडक यांची सरासरी एका खणात कोंबली की पाण्याचा साठा बरा जुळतो आणि प्रदूषण कधी पोचेल त्याची तारीख साफ चुकते. माझ्या मते यातली खरी फसगत हीच, कारण नकाशा दिसायला अगदी व्यवस्थित असतो.

त्यावरचा उपाय 1990 च्या दशकात जर्मन संशोधकांनी हाती घेतला आणि 2008 मध्ये मॉडफ्लोलाही तशी जोड मिळाली : खडकात डार्सीचा नियम, पोकळ्यांत नळातल्या प्रवाहाचं सूत्र, आणि दोघांत पाण्याची देवघेव. गंमत अशी की नळाच्या त्या सूत्रावरही डार्सींचंच नाव आहे. नळातल्या घर्षणाचे प्रयोगही त्यांनीच केले होते.

क्षारांचं कोडं याहून किचकट. कपाशीला टाकलेल्या युरियातलं नायट्रेट पावसाबरोबर पोकळीतून झपाट्याने पुढे जातं, पण काही भाग बाजूच्या खडकात मुरतो आणि पुढे कित्येक महिने थोडं थोडं सुटत राहतं. एकाच तपासणीत पाणी चांगलं आलं, याला म्हणूनच फार अर्थ नाही.

आपल्याकडे अडतं ते नोंदींपाशी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. काळ्या पाषाणातला साठा समजायला ते चालतं. चुनखडकात एका मोठ्या पावसाचा लोंढा दोन मोजणींच्या मध्ये येऊन निघूनही जातो, मग मॉडेल जुळवायचं कशाशी? इथे तासातासाला पातळी टिपणारं यंत्र हवं. त्याच्या जोडीला पहिल्या पावसात रंग सोडून घेतलेली चाचणी हवी, आणि ती घेण्याआधी गावात दवंडी द्यावी लागेल. नाहीतर नळाला हिरवं पाणी आलं की लोक ग्रामपंचायतीत धडकतील.