पगार कंपनीचा, मग पेटंटही कंपनीचंच?

‘कंपनीच्या पगारावर असताना शोध लावलात ना, मग तो आपोआप कंपनीचा.’ हे वाक्य इतक्या ठामपणे ऐकवलं जातं की कुणी उलट विचारतच नाही. पण हा नियम सगळीकडे लागू नाही.

ब्रिटनमध्ये १९७७च्या कायद्यानुसार, नेमून दिलेल्या कामातून अपेक्षित असलेला शोध मालकाचा ठरतो. अमेरिकेत मात्र हक्क आधी संशोधकाचा. कंपनीला तो लेखी करारानेच मिळतो. आणि करारातला एकेक शब्द महागात पडतो! स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका संशोधकाने विद्यापीठाला लिहून दिलं होतं, ‘हक्क देण्याचं मान्य करतो’. पुढे एका कंपनीत एचआयव्ही मोजण्याचं तंत्र शिकायला गेल्यावर तिथल्या कागदावर सही केली, ‘याद्वारे हक्क देत आहे’. पहिलं नुसतं वचन, दुसरं प्रत्यक्ष हस्तांतर. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयातही विद्यापीठ हरलं.

हक्क गेला म्हणजे सगळंच गेलं, असंही नाही. संशोधक म्हणून पेटंटवर नाव त्याचंच लागतं. जर्मनीत १९५७पासून कंपनीने शोधाचा हक्क स्वतःकडे घेतला तर वाजवी मोबदला देणं बंधनकारक आहे. जपानमध्ये निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल शुजी नाकामुरा यांना कंपनीने सुरुवातीला जेमतेम २०,००० येन दिले होते. खटल्यानंतर २००५मध्ये तडजोड झाली ती सुमारे ८४ कोटी येनवर.

भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यात नोकरदारांच्या शोधांसाठी वेगळं कलमच नाही. अर्ज खरा व पहिला संशोधक किंवा त्याने हक्क दिलेली व्यक्ती करू शकते. त्यामुळे नेमणूकपत्रासोबत आलेली, न वाचताच सही केलेली ती पानं एकदा काढून बघा.