सेल्फ नुसता टिकटिकत असेल तर अर्थिंग मोजा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती भरलेला जुना पिकअप सेल्फ घेईना, की आजूबाजूचे चार जण एकच निदान करतात: बॅटरी गेली. नवी बॅटरी बसते, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच टिकटिक. जुन्या गाडीत हा दोष पुष्कळदा अर्थिंगचा, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेचा असतो.

बॅटरीतून निघालेला करंट बॅटरीकडे परत यावाच लागतो. गाडीत परतीसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी वायर नसते, चेसिसचं लोखंडच ते काम करतं. पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून चेसिसपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी किंवा जाड केबल असते. ती गंजली, तुटली, की करंट आडवाटेने परततो, कधी चक्क अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून. सेल्फ मारल्यावर ही केबल तापत असेल तर आधी पट्टी बघा.

पण जोड धड आहे का हे बघायला मल्टिमीटर बीपवर लावला, तर जोड खराब असूनही तो बीप का देतो? डिझेल पिकअपचा सेल्फ सहज २०० अँपिअर ओढतो. जोडावर फक्त ०.०१ ओहम रोध, म्हणजे विजेला अडथळा, असला तरी V = IR (व्होल्ट = करंट × रोध) प्रमाणे २ व्होल्ट तिथेच जातात, आणि I²R काढलं तर ४०० वॅट उष्णता, तीही एका बोल्टपाशी! साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधच याच्या कित्येक पट असतो, त्याला ०.०१ ओहम दिसणार कसा? शिवाय बीपसाठी मीटर जेमतेम मिलीअँपिअर सोडतो. केबलची एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतो. म्हणून रोध मोजत बसू नका, लोड देऊन व्होल्टेज मोजा.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. बॅटरी किमान १२.४ व्होल्ट दाखवते ना, ते आधी बघा. इंजिन चालू होऊ नये म्हणून फ्युएल सोलेनॉइडची (डिझेल बंद-चालू करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) वायर काढा किंवा स्टॉपची केबल ओढून धरा. मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल प्रोब इंजिनाच्या उघड्या धातूला, काळा बॅटरीच्या मायनस खुंटीला. क्लॅम्पला नव्हे, शिशाच्या खुंटीलाच. दुसऱ्याला तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, ०.५ च्या वर दोष नक्की. मग काळा प्रोब खुंटीवरून क्लॅम्पवर, तिथून चेसिसच्या बोल्टवर असा पुढे सरकवत प्रत्येक वेळी सेल्फ मारा. ज्या टप्प्यावर आकडा एकदम घसरतो, तोच जोड खराब. प्लसची बाजू बॅटरीपासून सेल्फच्या स्टडपर्यंत अशीच तपासता येते.

दुरुस्ती सोपी आहे. आधी बॅटरीचा मायनस काढा. लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) आणि चेसिस दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा, व्हॅसलीन त्यानंतर वरून. नवी केबल टाकायची तर बॅटरीच्या केबलइतकी जाड हवी. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची ‘बॅटरी सेव्हर’ डबी आणि बंपरची लिंबू-मिरची, दोन्हींचा या रोधावर सारखाच परिणाम होतो: शून्य.

इंडिकेटर लावला की टेललॅम्पही मिणमिणत असेल तर तिथलं अर्थिंग गेलंय. खताची पोती वाहणाऱ्या गाडीत हे लवकर होतं, कारण अमोनियम सल्फेटची भुकटी ओलावा धरते आणि तांबं खाते. २०१९ च्या महापुरात बुडालेल्या गाड्यांत तर पाणी तारांच्या फटींतून इन्सुलेशनच्या आत वर चढलेलं असतं. वायर बाहेरून धड दिसते, आत तांबं काळं. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापत जा. वीतभर कापूनही लागलं नाही तर ती वायर पूर्ण बदला.