हवामानामुळे मागे घेतलेली बॉम्बर मोहीम

जड बॉम्बर विमानांचा ठरलेला हल्ला ढग, धुके, विमानावर साचणारा बर्फ किंवा वारा यांमुळे उड्डाणापूर्वी रद्द करणे, अथवा विमाने हवेत असताना त्यांना परत बोलावणे. दुसऱ्या महायुद्धात पूर्व इंग्लंडमधील तळांवरून जर्मनीवर दिवसा हल्ले करणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या हवाई दलावर ही वेळ वारंवार आली. रद्द करणे आणि परत बोलावणे वरवर सारखेच वाटले, तरी त्यांची जातकुळी वेगळी आहे. पहिल्यात झोपमोड आणि वैताग. दुसऱ्यात माणसे मेली, आणि काही वेळा हल्ला पार पडला असता तर मेली नसती अशी माणसे मेली.

हवामानाचा अंदाज एका जागेचा घेऊन भागत नसे. तळावरून उड्डाण जमेल का, ढगांच्या वर शेकडो विमानांना रांगा लावता येतील का, लक्ष्य डोळ्यांना दिसेल का आणि परतताना तळ उघडा असेल का, असे चार प्रश्न असत. यांतला शेवटचा सर्वांत जड. ब्रिटिश बॉम्बर कमांडने १६ डिसेंबर १९४३ च्या रात्री बर्लिनवर विमाने धाडली. त्यांतली २५ लँकेस्टर बॉम्बर विमाने शत्रूच्या मुलखात व वाटेत गेली, आणि घरी परतल्यावर इंग्लंडच्याच धुक्यात धावपट्टी न सापडल्याने त्याहून जास्त विमाने कोसळली किंवा सोडून द्यावी लागली.

अमेरिकी तळांवर दलातील माणसांना मध्यरात्रीनंतर केव्हातरी उठवत. मोहिमेच्या दिवशी न्याहारीला भुकटीऐवजी खरी अंडी मिळत, त्यामुळे ताटाकडे बघूनच दिवसाचा अंदाज येई. नकाशासमोरची माहिती, बाँब भरणे, इंजिने तापवणे हे सगळे उरकल्यावर नियंत्रण मनोऱ्यावरून लाल फ्लेअर उडाली की मोहीम ‘स्क्रब’, म्हणजे रद्द. माणसे सुटली, पण हिशेबात काही जमा झाले नाही. घरी जाण्यासाठी २५ मोहिमा पुऱ्या कराव्या लागत (१९४४ मध्ये हा आकडा आधी ३० आणि मग ३५ झाला), आणि शत्रूच्या हद्दीत न शिरता परतलेली मोहीम सहसा मोजली जात नसे.

हवेतून परत बोलावणे याहून किचकट. तोवर बॉम्बार्डियर (नेम धरून बाँब सोडणारा) बाँबकोठीच्या अरुंद पट्टीवरून जाऊन फ्यूजच्या सुरक्षा पिना काढून आलेला असे. परतायचे तर त्या पुन्हा बसवायच्या, नाहीतर बाँब समुद्रात टाकायचे. पूर्ण भारानिशी उतरणे धोक्याचेच. संदेश रेडिओवरून सांकेतिक स्वरूपात येई आणि तो खरा की जर्मनांनी पेरलेला, याची खातरजमा करावी लागे. शेकडो विमानांपैकी कोणाला तो ऐकू येई, कोणाला नाही, कोणी ऐकूनही शंका घेई. ठरवून वळलेला ताफा एकसंध राहत असे; परत बोलावलेला ताफा ढगांत तुटत जाई.

११ जानेवारी १९४४ ला हे स्पष्ट दिसले. ओशेर्सलेबेन, हाल्बरश्टाट आणि ब्राउनश्वाइग येथील विमान कारखान्यांवर साडेसहाशेहून अधिक बॉम्बर निघाले. हवामान बिघडल्याने आठव्या दलाच्या तीन बॉम्बर विभागांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या डिव्हिजनला मागे फिरण्याचा हुकूम गेला. पहिली डिव्हिजन लक्ष्याजवळ पोचली असल्याने पुढे गेली, तिसऱ्या डिव्हिजनमधील काही विमानेही वळली नाहीत, आणि जर्मन लढाऊ विमानांना वाटून घ्यायला आता कमी भक्ष्ये उरली. त्या दिवशी ६० बॉम्बर गेले. मस्टँग हे लढाऊ विमान घेऊन एकट्याने एका बॉम्बर तुकडीचे रक्षण करणारे जेम्स हॉवर्ड यांना याच लढाईसाठी मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

आठव्या दलाची सूत्रे त्याच महिन्यात जेम्स डूलिटल यांच्याकडे आली होती. हवामानापायी विमाने मागे बोलावल्यावर वरिष्ठ कार्ल स्पाट्झ यांनी आपल्या हिमतीवरच शंका घेतली, असे डूलिटल यांनी नंतर आत्मचरित्रात लिहिले आहे. हा टोमणा अन्यायाचा होता. पण सेनापतीच्या डोक्यावर कोणते ओझे होते ते त्यातून कळते. थांबवले तर भित्रा, पाठवले आणि धुक्यात विमाने पडली तर बेफिकीर. २० फेब्रुवारीला ‘बिग वीक’च्या, म्हणजे जर्मन विमान कारखान्यांवरील सलग हल्ल्यांच्या आठवड्याच्या, पहिल्या दिवशी विमानांवर बर्फ साचेल या भीतीने खालचे अधिकारी कचरत असताना स्पाट्झ यांनी जबाबदारी घेऊन विमाने सोडली. सुमारे एक हजार बॉम्बर गेले आणि केवळ २१ परतले नाहीत.

दोनच दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, फासे उलटे पडले. तिसऱ्या डिव्हिजनला ढगांमुळे इंग्लंडवरच रांगा लावता येईनात, म्हणून ती परत बोलावली गेली. गोथा येथील विमान कारखान्याकडे निघालेली बी-२४ बॉम्बर विमाने मात्र तोवर बरीच आत गेली होती. त्यांनाही हुकूम मिळाला. तुकड्या विस्कटलेल्या, वळल्यावर वारा समोरून, खाली ढगांच्या फटींतून दिसणारी गावे नेमकी कोणती ते कळेना. अशा वेळी बाँब परत न नेता वाटेत दिसेल त्या ‘संधीच्या लक्ष्या’वर टाकण्याची मुभा होती. १४ विमानांनी एका शहराचे रेल्वे यार्ड हेरून बाँब सोडले. ते शहर जर्मन नव्हतेच. सीमेला खेटून असलेले, जर्मनांनी व्यापलेले डच नायमेखन होते. भोंगा आधी वाजून गेला होता, धोका टळल्याचा इशाराही नुकताच झाला होता, आणि लोक आसऱ्यातून रस्त्यावर आले होते. बरेच बाँब यार्डाऐवजी भर वस्तीत पडले. सुमारे ८०० माणसे मेली; त्यांत एका माँटेसरी शाळेतली २४ मुले आणि ८ नन होत्या. आर्नहेम आणि एन्स्खेदे या डच शहरांवरही त्या दिवशी अशाच चुकीने बाँब पडले. परत बोलावलेल्या मोहिमेत जीवितहानी टळते असे गृहीत धरणाऱ्याने नायमेखनचा नकाशा पाहावा.

मार्चच्या आरंभी बर्लिनची पाळी होती. ३ मार्चला निघालेल्या बॉम्बरना वाटेत इतक्या उंचीपर्यंत ढग लागले की वर चढून जाणेही जमेना. मोहीम सोडून देण्यात आली. पण ५५ व्या फायटर ग्रुपला माघारीचा संदेश पोचलाच नाही. त्यांची पी-३८ विमाने ठरलेल्या वेळी बर्लिनवर हजर झाली, आणि त्या शहरावर पोचलेली ती पहिली अमेरिकी लढाऊ विमाने ठरली. राखण करायला बॉम्बर मात्र तिथे नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न, पुन्हा ढग, पुन्हा माघारीचा हुकूम. या वेळी ९५ व्या आणि १०० व्या बॉम्ब ग्रुपची सुमारे ३० बी-१७ बॉम्बर विमाने पुढेच गेली. संदेशाची सत्यता पटली नाही, असे कारण पुढे सांगण्यात आले. त्यांनी ढगांवरून रडारच्या आधारे बाँब टाकले. बर्लिनवर पडलेले अमेरिकेचे हे पहिले बाँब. लष्करी दृष्टीने नुकसान मामुलीच. तरीही ९५ व्या ग्रुपला सन्मानपत्र मिळाले. हुकूम पाळून मागे वळलेल्यांच्या वाट्याला काही आले नाही. सैन्याची ही सोयीची शिस्त आहे: हुकूम मोडून यश मिळाले तर ते धाडस.

वेळीच न थांबवल्याची उदाहरणे कमी नाहीत. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गला निघण्यापूर्वी हवामान टिपायला गेलेल्या मॉस्किटो विमानाने लक्ष्यावर ढग असण्याची शक्यता कळवली होती. मोहीम तरीही झाली आणि ९५ ब्रिटिश बॉम्बर गेले. भारतातून निघालेल्या अमेरिकी बी-२९ बॉम्बर विमानांची पहिली मोहीमही याच पठडीतली. ५ जून १९४४ ला खरगपूर परिसरातील तळांवरून ९८ विमाने बँकॉककडे निघाली. लक्ष्यावर ढग असल्याने बहुतेकांनी रडारवर बाँब टाकले, परतताना अनेकांना भलत्याच धावपट्ट्यांवर उतरावे लागले, आणि जी पाच विमाने गमावली त्यांतले एकही शत्रूच्या गोळीने पडले नव्हते.

१९४४ च्या उन्हाळ्यापासून अंदाजावरचे अवलंबन कमी करण्यासाठी आठव्या दलाने ‘स्काउटिंग फोर्स’ उभी केली. कल्पना कर्नल बड पीसली यांची. बॉम्बर उडवण्याचा अनुभव असलेले वैमानिक मस्टँगमध्ये बसून ताफ्याच्या पुढे जात आणि वाटेवरचे ढग, लक्ष्यावरची स्थिती म्होरक्याला थेट रेडिओवर सांगत. ताफा कुठून वळवायचा किंवा कोणत्या उंचीवरून न्यायचा, हे त्यामुळे इंग्लंडमधल्या खोलीत न ठरता हवेतच ठरू लागले. वॉटन तळावरील हवामान-टेहळणी विमाने अटलांटिकवर दूरवर जाऊन येणाऱ्या ढगपट्ट्यांची खबर आणीत, आणि ढगांआडून बाँब टाकण्यासाठी एच-टू-एक्स रडार नोव्हेंबर १९४३ पासूनच वापरात होते. रडारने नेम धरणे अर्थातच ढोबळ होते. कारखाना चुकून शेजारची वस्ती सापडणे नेहमीचे होते. परंतु ढगांमुळे मोहीम सोडून द्यायची वेळ त्यामुळे कमी येऊ लागली.