‘बीअरला परवाना लागत नाही’ हे कुणी सांगितलं?

सात रस्ता चौकात चहा पिताना हे वाक्य कितीदा ऐकलं असेल: “बीअर काय दारू आहे का? घरी न्यायला कसला परवाना!” शेंगाचटणीइतकी ही समजूत सोलापूरच्या अंगवळणी पडली आहे. पण ती खोटी आहे.

1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य विकत घ्यायला, जवळ बाळगायला, न्यायला आणि प्यायलाही परवाना लागतो. बीअर त्यातून सुटलेली नाही. सवलत आहे ती वयाची: बीअरसाठी 21 वर्षं, कडक दारूसाठी 25.

घोळ होतो तो दोन परवान्यांचा. दुकानात काचेच्या चौकटीत टांगलेला असतो तो विक्रेत्याचा, पिणाऱ्याचा वेगळा. बीअर शॉपीनं सीलबंद बाटली द्यायची, बाहेरच्या कट्ट्यावर ती फोडायला दुकानाचा परवाना चालत नाही. परमिट रूमचं उलटं: तिथं बसूनच प्यायचं. ‘परमिट’ हा शब्द पाटीवर रोज वाचतो, पण ते कुणाचं, हे कुणी विचारत नाही!

एक दिवसाचा परवाना म्हणजे पाच रुपयांची चिठ्ठी. वर्षाचा आणि आजन्म परवानाही राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो.

आणि हो, अक्कलकोटपलीकडे कर्नाटक जवळ आहे म्हणून तिकडून खोकं आणणाऱ्यांनो, तिथलं बिल इथं कामाचं नाही. परराज्यातलं मद्य विनापरवाना आणणं हा वेगळाच गुन्हा आहे.