ग्लासनेव्हिनचा कॅव्हना पब: आपल्या डब्लिन मुक्कामातली एक संध्याकाळ

कार्यक्रमपत्रिकेत ‘कॅव्हना पब’ हे नाव वाचलं की फोन येतात, “आम्ही पीत नाही, मग तिथे येऊन काय करायचं?” म्हणून हे पत्रक.

या पबची गोष्ट शेजारच्या दफनभूमीपासून सुरू होते. इंग्रजी अमलातल्या जाचक कायद्यांमुळे डब्लिनच्या कॅथलिकांना स्वतःची दफनभूमी नव्हती. आपलं माणूस प्रॉटेस्टंट चर्चच्या आवारात पुरायचं, आणि तिथे आपल्या पद्धतीची प्रार्थना म्हणायलाही अडवणूक. १८२३ साली एका धर्मगुरूला कबरीपाशी प्रार्थना म्हणताना थांबवलं गेलं आणि लोक खवळले. कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढणारे आयरिश नेते डॅनियल ओ’कॉनेल यांनी हा प्रश्न हाती घेतला. १८३२ मध्ये ग्लासनेव्हिनची दफनभूमी सर्व धर्मांच्या माणसांसाठी खुली झाली. पहिली कबर ११ वर्षांच्या मायकेल केरी या मुलाची. आज तिथे १० लाखांहून जास्त माणसं विसावली आहेत, स्वतः ओ’कॉनेलही.

पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, दफनभूमीच्या तेव्हाच्या फाटकाला लागून जॉन ओ’नील यांनी हा पब काढला. मयतीला लांबून आलेल्यांना घटकाभर टेकायला जागा झाली. ओ’नील यांनी पुढे तो लेक-जावयाच्या हाती दिला. जावई जॉन कॅव्हना. तेच नाव आजही दारावर आहे आणि आता सातवी पिढी तिथे राबते आहे. पाटीवर जावयाचं आडनाव असलं, तरी दुकान लेकीच्या माहेरचं, हे आम्हांला आवर्जून सांगावंसं वाटतं.

डब्लिनकर मात्र या जागेला ‘ग्रेव्हडिगर्स’ म्हणतात, म्हणजे कबरी खोदणारे. खोदून दमलेली माणसं पलीकडून भिंतीवर ठोकायची आणि आतून बिअरचे ग्लास त्यांच्याकडे सरकवले जायचे, असं सांगतात.

आत टीव्ही नाही, गाणी नाहीत. जुन्या लाकडी बाकांवर बसून माणसं फक्त बोलतात. शहराच्या मध्यात गाण्याबजावण्याचे पब पुष्कळ आहेत, पण आयर्लंडमध्ये पब म्हणजे गावकट्टा, हे आम्हांला इथे कळलं. म्हणूनच प्रत्येक सहलीत ही संध्याकाळ आम्ही राखून ठेवतो. न पिणाऱ्यांनी खुशाल साधं पेय घेऊन बसावं.

गिनेस, म्हणजे डब्लिनची काळी बिअर, मागवणाऱ्यांनी घाई करू नये. ग्लास आधी थोडा कमी भरून ठेवतात, फेस वर येऊन बसला की उरलेला भरतात. ‘कॉडल’ हा डब्लिनचा घरगुती रस्सा. त्यात बटाटा-कांद्यासोबत डुकराच्या मांसाचे सॉसेज आणि बेकन असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी आम्हांला निघण्याआधी सांगावं.

आणि एक विनंती. दफन उरकून आलेली मंडळी आजही इथे बसतात. काळ्या कपड्यांतलं कुटुंब दिसलं, तर कृपया त्यांच्या बाजूला मोबाइलचा कॅमेरा वळवू नका.