वादळाच्या चित्रीकरणातील फोकस

वादळाच्या चित्रीकरणातील फोकस : घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्याने गडगडाटी वादळ, ढगांचे तळ, पावसाचे पडदे, विजा किंवा टॉर्नेडो (ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा भोवरा) टिपताना प्रतिमा रेखीव ठेवण्याची पद्धत. वादळ काही किलोमीटर दूर असते, म्हणजे भिंगाच्या हिशेबाने ते अनंत अंतरावरच असते. त्यामुळे हे काम सोपे वाटते. तरीही वादळाची पुष्कळशी चित्रफीत धूसर निघते, कारण या कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस खोलीतली माणसे, चेहरे आणि अंगणातली मुले डोळ्यांसमोर ठेवून घडवलेला असतो. वादळात तो बंद करून फोकस हाताने एकदा नीट लावावा आणि मग त्याला हात लावू नये.

ऑटोफोकस का चुकतो

बहुतेक घरगुती कॅमेरे अंतर मोजत नाहीत. ते आतले भिंग किंचित पुढेमागे हलवतात आणि सेन्सरवरच्या प्रतिमेत उजेड-अंधाराच्या ठसठशीत कडा कुठे सर्वाधिक दिसतात ते शोधतात. वादळी ढगात करड्यावर करडे असते, कडा जवळजवळ नसतातच. मोटर भिंगाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेते, काही सापडत नाही म्हणून परत फिरते आणि चित्र धूसर-रेखीव-धूसर असे घुटमळत राहते. उजेड कमी झाला की कॅमेरा गेन (सेन्सरच्या संकेताची वाढ) वाढवतो आणि चित्रात दाणे उमटतात. हे दाणेही बारीक तपशीलच असल्यामुळे ते यंत्रणेला चकवतात. विजेचा लखलखाट एक-दोन फ्रेममध्ये सगळे चित्र बदलून टाकतो. ऑटोफोकस तेवढ्याने नव्याने शोध सुरू करतो आणि पुढची वीज चमकते तेव्हा भिंग नेमके भलत्या जागी असते.

सर्वात मोठा अडथळा मात्र जवळच्या वस्तूंचा. झूम पूर्ण वाइडला (सर्वात रुंद दृश्यावर) असताना अनेक कॅमेरे भिंगापासून १ सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही फोकस करू शकतात. गाडीच्या काचेवरचा पावसाचा थेंब, वायपर, समोरची तार, वाऱ्याने हलणारी फांदी यांच्या कडा ढगापेक्षा कितीतरी स्पष्ट असतात, म्हणून यंत्रणा त्यांनाच धरून बसते. थेंब सुरेख रेखीव येतो आणि मागचे वादळ राखाडी डाग होऊन जाते.

फोकस लावण्याची रीत

आधी मेनूमधून डिजिटल झूम बंद करावा. तो प्रतिमेचा तुकडा कापून मोठा करतो, त्यामुळे फोकस बरोबर असला तरी चित्र मऊच दिसते. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा गाडीच्या खिडकीच्या कडेवर ठेवलेल्या वाळूच्या पिशवीवर बसवावा. मग ऑप्टिकल झूम (भिंग हलवून होणारा) पूर्ण टेलिला (सर्वात जवळ ओढलेल्या दृश्यावर) न्यावा आणि निदान किलोमीटरभर दूर असलेली कडक कडांची वस्तू शोधावी : मोबाइल टॉवर, विजेचा खांब, इमारतीचे छत, आकाशावर उमटलेली डोंगराची रेघ. ढगाच्या पोटावर फोकस लावायचा प्रयत्न करू नये. ऑटोफोकस त्या वस्तूवर स्थिरावला की लगेच मॅन्युअलला (हाताने फोकस लावण्याच्या मोडला) बदलावे, किंवा सुरुवातीपासून भिंगाभोवतीची फोकसची कडी फिरवून फोकस लावावा. कडी रेखीव बिंदूच्या पलीकडे न्यावी, चित्र पुन्हा मऊ झालेले पाहावे आणि मग मागे यावे. दोन्ही बाजूंचा धूसरपणा पाहिल्याशिवाय मधला बिंदू नक्की कळत नाही. कॅमेऱ्याचा छोटा पडदा फसवा असतो, म्हणून फोकस पीकिंग (रेखीव कडा रंगाने दाखवणारी सोय) किंवा प्रतिमा मोठी करून दाखवणारे बटण असेल तर वापरावे. यानंतर झूम हवा तेवढा मागे घ्यावा.

हा क्रम उलटा करू नये. वाइडला फोकस लावून नंतर झूम पुढे नेला की दूरचे सगळे विरघळते. ४ मिमी फोकल लांबी, एफ/२ छिद्र (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान) आणि ०.००५ मिमी इतका धूसरपणा चालेल असे धरले, तर सुमारे १.६ मीटरवर फोकस असला तरी क्षितिजापर्यंत सारे रेखीव दिसते. छिद्र तेच ठेवून झूम दहापट, म्हणजे ४० मिमी केला, की हेच अंतर शंभरपट होऊन १६० मीटर होते, कारण ते फोकल लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वाइडमधली चूक अशी झाकलेली राहते आणि टेलिमध्ये उघडी पडते.

कडी शेवटपर्यंत फिरवली की अनंत, हा समज या कॅमेऱ्यांना लागू नाही. त्यांची कडी भिंगाला थेट जोडलेली नसते, ती फक्त मोटरला इशारा देते आणि तिला अटकाव नसतो. भिंगाची हालचालही अनंताच्या थोडी पलीकडे जाते, कारण तापमानाने भिंगनळीची मापे बदलतात आणि ऑटोफोकसला शिखर ओळखण्यासाठी ते ओलांडावे लागते. काही हँडीकॅमवर अनंताची वेगळी कळ किंवा दूरच्या निसर्गदृश्याचा मोड असतो. घाईत तो उपयोगी पडतो आणि खिडकीच्या काचेवर फोकस अडकण्याचे टाळतो.

वाइड कन्व्हर्टर (दृश्य रुंद करणारे, कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसवायचे जादा भिंग) लावायचा असेल तर आधी लावावा, फोकस नंतर. पुष्कळ कन्व्हर्टर पूर्ण टेलिला रेखीव प्रतिमा देतच नाहीत. अशा वेळी जितका झूम प्रत्यक्ष वापरायचा आहे तिथेच फोकस तपासावा.

रात्री दूरचा रस्त्यावरचा दिवा, टॉवरचा लाल दिवा किंवा ढगांच्या फटीतला एखादा तारा निवडावा. कडी फिरवत प्रकाशाचा ठिपका लहानात लहान होईल तिथे थांबावे. दिवा फार प्रखर असेल तर एक्स्पोजर कमी करावे, नाहीतर त्याभोवतीच्या तेजोवलयात फोकस कळत नाही. अंधारात पाहण्याचा अवरक्त मोड टाळलेला बरा : अवरक्त किरण भिंगातून वेगळ्या अंतरावर एकवटतात आणि लावलेला फोकस सरकतो.

फोकसचा दोष नसलेला धूसरपणा

कडी पुन्हापुन्हा फिरवण्याआधी दुसरी कारणे पाहावीत. वातानुकूलित गाडीतून कॅमेरा दमट हवेत काढला की भिंगावर बाष्प साचते आणि चित्र दुधाळ होते. पुसले तरी बाष्प परत येते. कॅमेरा बाहेरच्या हवेइतका गरम होईपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नाही. म्हणून वादळाच्या जवळ पोचण्याच्या अर्धा तास आधीच गाडीतला गारवा बंद करावा. गाडीची तिरकी पुढची काच टेलिमध्ये प्रतिमा मऊ करते. बाजूची, वाऱ्याच्या आडची खिडकी खाली करून चित्रण केल्यास फरक लगेच दिसतो.

कमी उजेडात शटर आपोआप मंद करणारी सोय बंद ठेवावी, नाहीतर धावता ढग आणि उडणारा पालापाचोळा पुसट होतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवावे. उलट, उन्हात उजळलेल्या ढगाच्या माथ्यावर कॅमेरा छिद्र फार लहान करतो. एफ/११ ला विवर्तनाने (छिद्राच्या कडेशी प्रकाश पसरल्याने) प्रत्येक बिंदूचा ठिपका सुमारे १५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो, आणि छोट्या एचडी सेन्सरचा पिक्सेल जेमतेम अडीच-तीन मायक्रॉनचा असतो. अशा वेळी एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावून छिद्र एफ/४ च्या आसपास आणावे. सीमॉस सेन्सरवर वीज चमकताना कधीकधी अर्धीच फ्रेम उजळते. तो रोलिंग शटरचा, म्हणजे फ्रेम ओळीओळीने टिपण्याचा, परिणाम आहे, फोकसशी त्याचा संबंध नाही.

मोजमापासाठी चित्रण

रेखीव चित्रफितीवरून वाऱ्याचा वेग काढता येतो. २ एप्रिल १९५७ रोजी अमेरिकेतील डॅलस शहरात झालेल्या टॉर्नेडोच्या फिल्मवरून हवामानशास्त्रज्ञ वॉल्टर होकर यांनी उडणाऱ्या मलब्याची फ्रेमगणिक हालचाल मोजून वेग ठरवले होते. असे चित्रण करायचे तर फोकसबरोबर झूमही अचल ठेवावा आणि चौकटीत जमिनीवरच्या ओळखीच्या, न हलणाऱ्या खुणा राहू द्याव्यात. वीज आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर उरले की उघड्यावरचा ट्रायपॉड सोडून बंद गाडीत यावे.

बॅटरी बदलली किंवा कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला की अनेक मॉडेल गुपचूप ऑटोफोकसवर परततात. म्हणून दरवेळी चित्रण सुरू करण्याआधी पडद्यावरचे मॅन्युअल फोकसचे चिन्ह पाहावे आणि ते नसेल तर टेलिला जाऊन दूरची कडा पुन्हा गाठावी.