चुंबक लावून चेन पारखता येत नाही

थंडी सुरू झाली की इंदूरमध्ये राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांत चामड्याची जॅकेट्स बाहेर टांगली जातात. काही विक्रेते गिऱ्हाइकासमोर एक प्रयोगही करून दाखवतात: जॅकेटच्या चेनला लहानसे लोहचुंबक लावायचे आणि ते चिकटले नाही की ‘अस्सल पितळ’ असा निर्वाळा द्यायचा. प्रयोग दिसायला शास्त्रीय असला तरी त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे. चुंबक पितळेला चिकटत नाही हे खरे. पण ते ॲल्युमिनियमला किंवा जस्ताच्या मिश्रधातूलाही चिकटत नाही. दात लोखंडाचे नाहीत, एवढेच त्यातून कळते. शिवाय ते खरोखर पितळेचे असले, तरी चेन किती टिकेल हे तेवढ्यावरून ठरत नाही.

चामड्याच्या खेळण्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेल्या या शहरात चामडे पारखणारी माणसे पुष्कळ आहेत. ती जॅकेट हुंगतात, चिमटीत धरून दुमडतात, आतली शिवण उलटून पाहतात आणि चेन मात्र एकदा वर-खाली करून सोडून देतात.

व्हिटकॉम्ब जडसनने 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडलेली चेन आकडे आणि कड्यांची होती आणि ती भलत्या वेळी उघडत असे. गिडियन सुंडबॅक या मूळच्या स्वीडिश अभियंत्याने 1913 मध्ये अमेरिकेत आकडेच काढून टाकले. त्याच्या रचनेत, म्हणजे आजच्याही धातूच्या चेनमध्ये, प्रत्येक दाताच्या एका अंगाला बारीक उंचवटा आणि दुसऱ्या अंगाला त्याच मापाचा खळगा असतो. दोन्ही पट्ट्यांवरचे दात एकाआड एक बसतात, तेव्हा डाव्या दाताचा उंचवटा त्याच्या वरच्या उजव्या दाताच्या खळग्यात शिरतो, त्या उजव्या दाताचा उंचवटा त्याच्याही वरच्या डाव्या दाताच्या खळग्यात शिरतो, आणि हा क्रम शेवटपर्यंत चालू राहतो. बंद चेन दोन्ही बाजूंनी आडवी ओढली, तर उंचवटा खळग्याच्या काठाला अडतो. सुटायचे असेल तर त्याने चेनच्या लांबीच्या दिशेने खळग्याबाहेर सरकले पाहिजे. पण तिथे दुसरा दात लागूनच बसलेला असतो आणि त्यालाही त्याच्या पलीकडचा दात जागा देत नाही. प्रत्येक दात शेजाऱ्याला असा कोंडून ठेवतो, म्हणून रनर, म्हणजे चेन उघडझाप करणारा सरकता तुकडा, पुढे निघून गेल्यावरही मागचे दात मिटलेलेच राहतात.

मग रनरचे काम काय? मुख्यतः पट्टीला बाक देणे. जाड वही कण्याशी धरून मागे वाकवली की पानांच्या मोकळ्या कडा फाकतात, तसेच इथे होते. रनरच्या आतली वाट एका टोकाला दुभंगलेली असते. त्या दुभंगाशी प्रत्येक पट्टी बाहेर वळते, दातांची डोकी बाकाच्या फुगीर अंगाला येतात आणि एकाच पट्टीवरच्या शेजारच्या दोन दातांमधली फट क्षणभर रुंदावते. समोरचा दात उंचवट्यासकट त्या फटीतून आत शिरतो किंवा बाहेर पडतो; पट्टी सरळ झाली की फट पुन्हा मिटते. हे घडण्यासाठी सगळे दात सारख्या अंतरावर असावे लागतात, आणि रनरच्या वरच्या व खालच्या पाकळ्यांनी त्यांना एकाच पातळीत धरून ठेवावे लागते.

महागडे जॅकेट नेमके इथे दगा देते. रनर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो आणि वर निकेल किंवा पितळी रंगाचा पातळ मुलामा असतो. चामडे कापडासारखे सहज ताणले जात नाही. अंगाला घट्ट बसणारे जॅकेट पोटावर ओढून चेन लावताना तो सगळा आडवा ताण रनरच्या कडांवर येतो, रनर आतून झिजतो आणि पाकळ्या किंचित फाकतात. दात तिरके आत शिरतात, रनर वर जातो आणि मागे चेन उघडीच राहते. दोष दातांचा आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा रनरचा असतो. शनिवारी लोखंड आणि चामडे घेऊ नये असे मानणारी मंडळी आमच्याकडे कमी नाहीत, पण रनरच्या पाकळ्यांना शनीची बाधा झाल्याचे उदाहरण अजून पुढे आलेले नाही.

रनरवर ‘वायकेके’ ही अक्षरे दिसली की अनेक जण निर्धास्त होतात. तादाओ योशिदा यांनी 1934 मध्ये स्थापन केलेल्या या जपानी कंपनीचा लौकिक योग्यच आहे, पण तीच कंपनी निरनिराळ्या प्रतींच्या आणि किमतींच्या चेन बनवते आणि रनर बाजारात सुटाही मिळतो. त्यापेक्षा मोबाइलच्या कॅमेऱ्याने दात मोठे करून पाहावेत. उत्तम प्रतीच्या चेनमध्ये दात चारही बाजूंनी पॉलिश केलेले असतात. हलक्या चेनच्या दातांची कापलेली कड बोटाला बोचते आणि तीच कड रनरला आतून खरवडते. पितळी दातांवर पावसाळ्यानंतर हिरवट, मेणचट थर दिसला तर घाबरू नये. चामड्यातील स्निग्धाम्ल (तेल-चरबीतले आम्ल) आणि पितळेतील तांबे यांच्या संयोगातून तो तयार होतो. कोरड्या ब्रशने काढून दातांवर पेन्सिलीचे शिसे किंवा मेणबत्ती घासली की रनर हलका होतो. खोबरेल तेल मात्र लावू नये, कारण ते धूळ धरते आणि चामड्यावर डाग पाडते.

चामड्यात सुईने पडलेली भोके बुजत नाहीत. पूर्ण चेन बदलायची तर अस्तर उसवून जुन्याच भोकांतून शिवावे लागते आणि त्यासाठी कुशल हात लागतो. म्हणून आधी रनरच बदलून पाहावा. पकडीने त्याच्या कडा दाबल्या तर काही दिवस भागते, पण हा मिश्रधातू ठिसूळ असल्याने जास्त दाब दिला की तडकतो. नवा रनर घेताना जुन्याच्या पाठीवरचा आकडा पाहावा. 5 म्हणजे बंद दातांची रुंदी सुमारे 5 मिलिमीटर. जाड जॅकेटच्या पुढच्या चेनला 8 किंवा 10 हे आकडेही आढळतात. आकडा जुळला तरी धातूच्या दातांसाठी धातूच्याच चेनचा रनर मागावा, कारण नायलॉनच्या चेनच्या रनरची आतली वाट वेगळ्या आकाराची असते.